नावात विदर्भ असलेले पक्ष

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतले दोन निकाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. तेव्हाच्या मद्रास राज्यात तंजावर विधानसभा मतदारसंघातून मु. करुणानिधी निवडून आले. त्यांच्या द्रविड मुन्नेत्र कळघमला त्या वेळी स्वतंत्र द्रविडनाडू हवे होते. इकडे नागपूर लोकसभा मतदारसंघातून लोकनायक बापूजी अणे निवडून आले. वय ८१, उमेदवारी अपक्ष, पाठीशी नागविदर्भ आंदोलन समिती आणि मागणी वेगळ्या विदर्भ राज्याची. दोन मागण्यांची जातकुळी अर्थातच वेगळी. द्रविडनाडूवाले देशाबाहेर पडायचे म्हणत होते. अण्यांना देशात राहून, घटनेच्याच तिसऱ्या कलमाने, एक राज्य हवे होते. म्हणजे दोघांत अण्यांची मागणी कितीतरी सोपी.

पुढे उलटेच घडले. चीनचे युद्ध झाले, १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली आणि द्रमुकचे नेते अण्णादुराई यांनी द्रविडनाडू बाजूला ठेवले. मागणी गेली, पण पक्ष राहिला. १९६७ मध्ये तो सत्तेवर आला आणि १९६९ मध्ये राज्याचे नाव अधिकृतपणे तमिळनाडू झाले. नागपुरात मागणी कोणीच सोडली नाही. आजही डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की ‘जय विदर्भ’च्या घोषणा ऐकू येतात. फक्त त्या घोषणेच्या जोरावर उभा राहिलेला एकही पक्ष दोन-चार निवडणुकांपलीकडे तगला नाही. नागविदर्भ आंदोलन समिती, विदर्भ जनता काँग्रेस, विदर्भ राज्य पार्टी, विदर्भ राज्य आघाडी, विदर्भ माझा: साठ वर्षांतली ही नावे आज नागपूरकरालासुद्धा आठवून सांगावी लागतात. मागणी इतकी जुनी आणि पक्ष इतके अल्पायुषी, हे कसे, याचा हा आढावा.

तंजावरचे नाव काढले की मराठी वाचकाला एकोजीराजे, सरफोजी आणि सरस्वती महाल आठवतो. नागपूरकर भोसल्यांचे घराणे निराळे, पण इंग्रजांनी दोघांची राज्ये पाठोपाठच्या वर्षांत खालसा केली: नागपूर १८५४ मध्ये, तंजावर १८५५ मध्ये. त्यानंतर तंजावर मद्रास इलाख्यातला एक जिल्हा एवढेच उरले. नागपूरचे नशीब वेगळे निघाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. निजामाकडून घेतलेला वऱ्हाड १९०३ मध्ये कारभारापुरता त्याला जोडला गेला. म्हणजे १९५६ पर्यंत जवळजवळ शंभर वर्षे हे शहर राजधानी होते. सचिवालय, उच्च न्यायालय, विधिमंडळ, विद्यापीठ सगळे इथेच. १ नोव्हेंबर १९५६ ला ते गेले. काही खाती भोपाळला, काही मुंबईला. विदर्भाच्या मागणीतला नागपुरी सूर समजून घ्यायचा तर आधी राजधानी गमावलेल्या शहराचे हे दुःख ध्यानात घ्यावे लागते. वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला हे दुःख नव्हते, आणि तो फरक पुढे फार महाग पडला.

मागणीचा कागदोपत्री इतिहास भक्कम आहे. १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. ऑगस्ट १९४७ मध्ये अकोला करार झाला. महाराष्ट्र एक होणारच असेल तर त्यात दोन उपप्रांत असावेत, दोघांची विधिमंडळे वेगळी असावीत, असे त्यात ठरले. सप्टेंबर १९५३ मध्ये नागपूर करार झाला. त्यात उपप्रांत गेले आणि आश्वासने आली: लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, नागपुरात उच्च न्यायालयाचे पीठ आणि वर्षातून एकदा ठरावीक काळ नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन. दोन वर्षांनी फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने तर वेगळ्या विदर्भाची शिफारसच केली. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा असे आठ जिल्हे, सुमारे ७६ लाख लोक, आणि महसुलाच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभे राहू शकेल असा प्रदेश. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली आणि विदर्भ त्यातले एक होते. दिल्लीने यातले काहीच ऐकले नाही आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला.

विदर्भवादी या कागदांवर फार विसंबले. आजही त्यांच्या कोणत्याही सभेत पहिला वक्ता १९३८ पासून सुरुवात करतो आणि फाजल अलींपाशी येईपर्यंत मागच्या रांगा उठू लागतात. न्यायालयात असा पुरावा कामाला येतो. पण १९५५ मध्ये आयोग आपल्या बाजूने होता, ही गोष्ट मतदाराला १९७१ मध्ये किंवा २००४ मध्ये कोणत्या चिन्हावर शिक्का मारायचा किंवा कोणते बटण दाबायचे हे सांगत नाही.

एक विसंगती इथेच दिसते. १९५६-५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्र संयुक्त महाराष्ट्र समितीने पेटला होता. समितीची स्थापना फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात झाली. १९५७ च्या निवडणुकीत तिने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवले. यशवंतराव चव्हाणांचे सरकार वाचले ते इतर विभागांच्या जोरावर आणि त्यांत विदर्भ होता. म्हणजे दिल्लीने ज्यांच्या राज्याची शिफारस बाजूला सारली, त्यांनीच दिल्लीच्या पक्षाला तारले. विदर्भात काँग्रेस म्हणजे गांधींचे सेवाग्राम, जमनालाल बजाज, विनोबा. तो पक्ष घराघरात शिरलेला होता आणि त्याला सोडून नव्या झेंड्याखाली जायचे कोणाच्या मनातही येत नव्हते.

तरी एकदा वारे फिरले. अनसूयाबाई काळे यांच्या निधनाने नागपूरची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि १९५९ च्या पोटनिवडणुकीत बापूजी अणे अपक्ष म्हणून जिंकले. हे अणे म्हणजे वणीचे, टिळकांचे सहकारी, बिहारचे माजी राज्यपाल, म्हणजे काँग्रेसच्या तोडीस तोड प्रतिष्ठा असलेले नाव. त्यांच्या बरोबरीने अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते, ज्यांना विदर्भ केसरी म्हणत. द्विभाषिक मोडणार आणि विदर्भ महाराष्ट्रात जाणार हे दिसू लागले तेव्हा नागविदर्भ आंदोलन समितीने ही नाराजी एकत्र बांधली. १९६२ मध्ये अणे पुन्हा जिंकले. त्याच लाटेत यवतमाळच्या जांबुवंतराव धोटे नावाच्या तरुणाने विधानसभेत पाऊल ठेवले.

मुंबईने या समितीला उत्तर दिले ते फार हुशारीने. नोव्हेंबर १९६२ मध्ये चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मुख्यमंत्री झाले चांद्याचे मारोतराव कन्नमवार. ते वर्षभरात वारले, तर पुसदचे वसंतराव नाईक आले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. राज्य वेगळे दिले नाही, पण राज्याची गादी सलग बारा वर्षे विदर्भाकडे राहिली. नाईकांच्याच काळात, १९७२ च्या सुमारास, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारच्या केंद्रावर घालायचा, भाव सरकारने ठरवायचा. योजनेच्या गुणदोषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरते एवढेच की वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या घरातला वर्षाचा पैसा या योजनेने मुंबईच्या मंत्रालयाशी बांधून टाकला. भाव वाढवून हवा तर भांडण मुंबईशी करायचे, पण मुंबईतच राहून करायचे. नागविदर्भ समिती ओसरली याचे कारण मी अण्यांच्या वयात किंवा १९६८ मधल्या त्यांच्या निधनात शोधत नाही. या दोन गोष्टींत शोधतो.

जांबुवंतराव धोट्यांवर थोडे थांबावे लागेल, कारण विदर्भवादाचा सगळा आवेश आणि सगळी चंचलता त्या एका माणसात सापडते. १९६४ मध्ये विधानसभेत त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट फेकला आणि सभागृहाने त्यांना काढून टाकले. वर्तमानपत्रांनी नाक मुरडले, यवतमाळने डोक्यावर घेतले. पुढे कृषी विद्यापीठाचा वाद पेटला. राज्याचे कृषी विद्यापीठ राहुरीला निघाले तेव्हा अकोल्याला विद्यापीठ हवे म्हणून वऱ्हाड रस्त्यावर आला. त्या आंदोलनात धोटे आघाडीवर होते. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ सुरू झाले. विदर्भवादाच्या इतिहासात ठोस, हाती लागलेली वस्तू म्हणून दाखवता येईल असे हे विद्यापीठ आहे, आणि ते वेगळ्या राज्याच्या घोषणेने मिळालेले नाही. एका विशिष्ट, नाव घेता येणाऱ्या गोष्टीसाठी लोक बाहेर पडले आणि सरकार हलले.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर इंदिरा गांधींची लाट होती. त्या लाटेत नागपूरने धोट्यांना निवडून दिले, आणि तेही फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर. बंगालात मुळे असलेला सुभाषबाबूंचा पक्ष नागपुरात कशाला, असे कोणी विचारले नाही. मत धोट्यांना होते, विदर्भाला होते, चिन्ह फक्त लागते म्हणून घेतलेले होते. विदर्भवादाचा हा सर्वांत मोठा निवडणूक विजय मानायला हरकत नाही, आणि तो विदर्भाच्या नावाच्या पक्षाने मिळवलेला नाही. नऊ वर्षांनी, १९८० मध्ये, तेच धोटे त्याच नागपुरातून पुन्हा जिंकले, या वेळी इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून.

या उडीला नुसता संधिसाधूपणा म्हणणे मला अपुरे वाटते. आणीबाणीनंतर उत्तर भारत इंदिराबाईंवर उलटला, तेव्हा विदर्भ त्यांच्यामागे राहिला. १९७८ च्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या, त्यांचा मोठा भाग विदर्भातला. त्या जोरावर भंडाऱ्याचे नासिकराव तिरपुडे राज्याचे उपमुख्यमंत्री झाले, जे स्वतः वेगळ्या विदर्भाचे उघड पुरस्कर्ते होते. पश्चिम महाराष्ट्राची साखर कारखानदारी एका बाजूला आणि दिल्लीच्या बाई दुसऱ्या बाजूला असे चित्र होते. मुंबईतल्या मराठा नेतृत्वाविरुद्धचा राग व्यक्त करायला विदर्भाला वेगळा पक्ष लागला नाही, कारण दिल्लीतला पक्षच तो राग वापरून घेत होता. एकाच घरात राहून थोरल्या भावाविरुद्ध आईकडे तक्रार करण्याची ही सोय जोवर होती तोवर वेगळी चूल मांडण्याचे बोलणे बोलण्यापुरतेच राहिले.

दरम्यान ‘अनुशेष’, म्हणजे विकासातली साचलेली तूट, हा शब्द आला. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या अहवालात तिने राज्यातल्या सर्व विभागांचा मिळून सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा साधारण साडेबाराशे कोटींचा, म्हणजे सर्वांत मोठा. त्यातून १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, ज्यांची तरतूद घटनेच्या ३७१(२) कलमात १९५६ पासून पडून होती. विदर्भाचा प्रश्न सिंचन, रस्ते, पंप, शाळा यांच्या तक्त्यांत मांडला गेला हे चांगलेच झाले. पण त्यामुळे राजकारण कारकुनी झाले हेही खरे. अनुशेष भरून काढा, ही मागणी महाराष्ट्रात राहूनच पुरी व्हायची. जितका तक्ता नेमका, तितकी राज्याची मागणी पुढे ढकलली जायची.

गोसीखुर्दचे उदाहरण घ्या. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरचे हे धरण १९८३ मध्ये ३७२ कोटींत मंजूर झाले. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला. खर्च वाढत वाढत १८ हजार कोटींपलीकडे गेला, कालव्यांच्या निकृष्ट कामांच्या चौकशा झाल्या, आणि प्रकल्प अजून पुरा व्हायचा आहे. भंडाऱ्याच्या धानवाल्याला विदर्भवाद पटवायला याहून चांगला दाखला मिळणार नाही. पण त्याच गोसीखुर्दच्या ठेकेदारीत विदर्भातलेच पुढारी नव्हते का, असा प्रश्न त्याच धानवाल्याने विचारला की सभा थंड होते. मुंबई अन्याय करते हे सगळ्यांना मान्य आहे. नागपूर न्याय करील, याची खात्री पवनीला नाही.

१९९७ मध्ये भुवनेश्वरच्या बैठकीत भाजपने लहान राज्यांच्या बाजूने ठराव केला आणि त्यात विदर्भ होता. २००० मध्ये पंधरा दिवसांत तीन राज्ये जन्मली: १ नोव्हेंबरला छत्तीसगड, ९ ला उत्तरांचल, १५ ला झारखंड. विदर्भ राहिला. महाराष्ट्राचे तुकडे शिवसेनेला मंजूर नव्हते आणि वाजपेयींच्या सरकारला शिवसेना हवी होती. रायपूर ही नागपूरची जुनी प्रांतभगिनी, दोन्ही एकाच मध्य प्रांतातली. ती राजधानी झाली आणि नागपूर उपराजधानीच राहिले, हे नागपूरकराला झोंबले. ज्या दोन पक्षांचा आता उल्लेख करायचा आहे ते या झोंबण्यातून जन्मले.

पहिला पक्ष धोट्यांचा. सप्टेंबर २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली. नावात ‘काँग्रेस’ ठेवले, यात विदर्भाची नस त्यांना कळत होती हे दिसते. पण १९६२ चा तरुण आता थकलेला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये यवतमाळला त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युलेखांत पेपरवेट होता, कृषी विद्यापीठ होते, दोनदाची खासदारकी होती. विदर्भ जनता काँग्रेसला एखादे वाक्य मिळाले.

दुसरा पक्ष बनवारीलाल पुरोहितांचा. पुरोहित म्हणजे नागपूरचे जुने खेळाडू. १९८४ आणि १९८९ मध्ये काँग्रेसचे खासदार, १९९६ मध्ये भाजपचे खासदार, आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ मध्ये सुरू केलेले ‘हितवाद’ हे इंग्रजी दैनिक त्यांच्या हाती. एखादा प्रादेशिक पक्ष चालवायला जे लागते ते सगळे त्यांच्यापाशी होते: ओळख, वर्तमानपत्र, व्यापारी वर्गाचा आधार आणि मतदारसंघाची नाडी. २००३ मध्ये त्यांनी विदर्भ राज्य पार्टी स्थापन केली. २००४ मध्ये ते नागपुरातून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. जिंकले काँग्रेसचे विलास मुत्तेमवार, दुसऱ्या बाजूला भाजप होता. देशाचे सरकार कोणाचे, या लढाईत नागपूरच्या मतदाराने तिसऱ्याकडे वळायचे कारण पाहिले नाही. २००९ मध्ये पुरोहित पुन्हा भाजपमधून नागपूर लढवत होते. पक्षाचे आयुष्य एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंत भरले नाही.

आणि आता तो तंजावरचा धागा. पुरोहित २०१६ मध्ये आसामचे राज्यपाल झाले आणि ऑक्टोबर २०१७ ते सप्टेंबर २०२१ तमिळनाडूचे. तमिळनाडूचा राज्यपाल हा तंजावरच्या तमिळ विद्यापीठाचा पदसिद्ध कुलपती. म्हणजे महाराष्ट्रापासून वेगळे व्हायला पक्ष काढणारे गृहस्थ, भाषेच्या अभिमानावर उभ्या राहिलेल्या राज्याच्या भाषा-विद्यापीठाचे प्रमुख म्हणून काही वर्षे राहिले. ज्या करुणानिधींनी १९६२ मध्ये तंजावर जिंकले, ते ऑगस्ट २०१८ मध्ये वारले तेव्हा राजभवनात हेच पुरोहित होते. राजकारणात अशा गमती घडतात. त्यातून फार अर्थ काढू नये.

पण पुरोहितांच्या प्रवासातून एक गोष्ट काढावीच लागते. विदर्भाच्या नावाचे पक्ष बहुतेक वेळा मोठ्या पक्षातून बाहेर पडलेल्या किंवा पडाव्या लागलेल्या नेत्याने काढले. मागणीवर त्याचा विश्वास खरा असतो, यात मला शंका नाही. पण पक्षाचा मुहूर्त त्याच्या स्वतःच्या अडचणीने ठरतो. मोठ्या पक्षाचे दार पुन्हा उघडले की तो परत जातो, आणि तालुक्याचा कार्यकर्ता हे आधीच ओळखून असतो. असा कार्यकर्ता झेंडा घेतो, पण जुन्या नेत्याचा फोन नंबर पुसत नाही.

तमिळनाडूतही असे झाले आहे. ई. व्ही. के. संपत हे पेरियारांचे पुतणे. द्रविडनाडू अशक्य आहे म्हणून १९६१ मध्ये ते द्रमुकमधून फुटले आणि कवी कण्णदासन यांच्यासह त्यांनी तमिळ राष्ट्रीय पक्ष काढला. १९६४ मध्ये तो काँग्रेसमध्ये विरघळला. उलट त्रावणकोर तमिळनाडू काँग्रेस हा दक्षिण टोकाचा पक्षही थोड्याच वर्षांचा, पण तो संपला काम झाल्यामुळे. १९५६ मध्ये कन्याकुमारीचे तमिळ तालुके मद्रास राज्यात आले आणि पक्षाला उरले काही नव्हते. आपली संयुक्त महाराष्ट्र समिती आणि इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद त्याच जातीच्या. १ मे १९६० नंतर त्यांचे मोडणे हे यश होते. गोव्यात जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सने १९६३ मध्ये ३० पैकी १२ जागा जिंकल्या, १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातले विलीनीकरण थोपवले, आणि मग तोही पक्ष विरून गेला, राज्याचा दर्जा १९८७ मध्ये यायच्या कितीतरी आधी. म्हणजे अल्पायुष्य हा दोष म्हणून पुरेसा नाही.

तेलंगणाचे उदाहरण विदर्भवादी सारखे देतात, म्हणून ते नीट पाहावे. १९६९ च्या आंदोलनातून निघालेल्या तेलंगणा प्रजा समितीने १९७१ मध्ये लोकसभेच्या १४ पैकी १० जागा जिंकल्या आणि काही महिन्यांत चेन्ना रेड्डींनी ती काँग्रेसमध्ये विलीन केली. इथपर्यंत विदर्भाहून वेगळे काही नाही, उलट विश्वासघात मोठा. फरक नंतरचा. २००१ मध्ये चंद्रशेखर राव यांनी तेलंगणा राष्ट्र समिती काढली, तीही मंत्रिपद न मिळाल्याच्या नाराजीतून, असे त्यांचे विरोधक म्हणत. म्हणजे जन्म पुरोहितांच्या पक्षासारखाच. पण २००४ मध्ये ती काँग्रेसशी युती करून लढली आणि तिला २६ आमदार व ५ खासदार मिळाले. मग राजीनामे, पोटनिवडणुका, पुन्हा राजीनामे. उस्मानिया विद्यापीठाचे विद्यार्थी, वकील, शिक्षक, कर्मचारी सगळे एका कृती समितीत आले. जून २०१४ मध्ये राज्य मिळाले. घटनेचे तिसरे कलम राज्य करण्याचा अधिकार संसदेला देते आणि विधानसभेचे फक्त मत मागवते. म्हणून दिल्लीतले पाच खासदार मुंबईतल्या चाळीस आमदारांपेक्षा जड. विदर्भवाद्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, पण तसे पाच खासदार त्यांच्या पक्षाकडून दिल्लीत कधी एकदम गेले नाहीत.

गेले नाहीत याचे मूळ विदर्भाच्या पोटात आहे. तेलंगणा हे एका संस्थानातून आलेले एकसंध दुखणे होते. विदर्भात वऱ्हाड निजामाचा, नागपूर भोसल्यांचे, आणि पूर्वेला झाडीपट्टी व गोंडवन. बुलढाण्याचा विद्यार्थी पुण्याला जातो, खामगावचा व्यापारी मुंबईकडे बघतो. यवतमाळचा कापूस उत्पादक आत्महत्यांनी हादरला आणि २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा त्याच्या तोंडी भाव, कर्ज आणि बियाणे होते. चंद्रपूरची तक्रार निराळी: २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आमच्या उशाशी, राख आमच्या फुप्फुसात, वीज राज्यभर. हिंदी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनाच वेगळे राज्य हवे आहे, हा आरोप बियाणींपासून पुरोहितांपर्यंत होत आला. तो अन्यायाचा आहे, पण तो कुणबी-तेली मतदारापर्यंत पोहोचला हे नाकारता येत नाही. या सगळ्या तक्रारी एका झेंड्याखाली आणणारे काम जिल्हा परिषदेपासून करावे लागते. विदर्भाचे पक्ष पत्रकार परिषदेपासून सुरू झाले.

गडचिरोलीच्या टोकाला सिरोंचा आहे. तिथून नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून दूर, गोदावरी ओलांडली की तेलंगणा. नव्या राज्याने समोर मेडीगड्डाचा बॅरेज बांधला. त्यासाठी २०१६ मध्ये महाराष्ट्राशी करार झाला आणि २०१९ मध्ये पाणी अडले. इकडच्या काठावरच्या शेतांत पुराचे पाणी शिरू लागले, २०२३ मध्ये त्या बॅरेजचे खांब खचले. लहान राज्य झपाट्याने मोठी कामे करते आणि झपाट्याने मोठ्या चुकाही करते, हे सिरोंच्यात डोळ्यांनी दिसते. नागपूरच्या विदर्भवादी व्यासपीठावर मात्र तेलंगणाचा उल्लेख फक्त पहिल्या अर्ध्यासाठी होतो.

२०१३ मध्ये जनमंच या संघटनेने नागपुरात जनमत चाचणी घेतली, लोकांनी उत्साहाने मते टाकली आणि कौल वेगळ्या राज्याच्या बाजूने पडला. दुसऱ्या वर्षी लोकसभा निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी भाजप किंवा काँग्रेसला मते दिली. मार्च २०१६ मध्ये बापूजी अण्यांचे नातू श्रीहरी अणे यांना वेगळ्या राज्यांबद्दल बोलल्यामुळे राज्याचे महाधिवक्तापद सोडावे लागले, त्याच वर्षी त्यांनी विदर्भ राज्य आघाडी काढली. माणूस विद्वान, स्वच्छ, युक्तिवाद अचूक. आघाडीला मते मात्र पडली नाहीत. त्याच सुमारास विदर्भ माझा नावाच्या पक्षाने २०१७ च्या सुरुवातीला काटोलची नगरपरिषद जिंकली. वाटले, खालून सुरुवात झाली. पण ती ताकद चरणसिंग ठाकूरांच्या स्थानिक गटाची होती. पुढे ठाकूर भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये काटोलचे आमदार झाले. शेतकरी संघटनेचे वामनराव चटप अजून आंदोलन समिती चालवतात, उपोषणे करतात. त्यांची चिकाटी मला वरच्या सगळ्या पक्षांपेक्षा जास्त खरी वाटते, कदाचित राजुऱ्यासारख्या कोपऱ्यातून आल्यामुळे असेल.

नागपूर करारातले अधिवेशन मात्र चालू आहे. दर डिसेंबरात मंत्रालयाच्या फायली ट्रकांतून नागपुरात येतात, यशवंत स्टेडियमजवळ धरण्यांचे मंडप पडतात, मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला किंवा टेकडी रोडला पोलिसांनी अडवले जातात, आणि दोन-तीन आठवडे म्हणता म्हणता सात-आठ दिवसांत सगळे परत जातात. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे तेही झाले नाही. विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि ती पुन्हा उभी करण्याची बोलणी अजून चालली आहेत. या दोन्ही गोष्टींवर विदर्भात मोठा मोर्चा निघाला नाही.

आज विदर्भात लोकसभेच्या १० जागा आहेत. २०२४ मध्ये त्या पाच पक्षांत वाटल्या गेल्या: काँग्रेसला ५, भाजपला २, आणि दोन्ही शिवसेना व शरद पवारांची राष्ट्रवादी यांना एकेक. दोन शिवसेना महाराष्ट्राचे तुकडे हा विषय ऐकूनही घेत नाहीत. १९९७ चा ठराव करणाऱ्या भाजपचा मुख्यमंत्री नागपूरचाच आहे, आणि कन्नमवार-नाईकांच्या काळात विदर्भाला जे उत्तर मिळाले होते तेच आज पुन्हा मिळाले आहे. काँग्रेसचे पाच खासदार प्रचारात संविधान आणि सोयाबीन-कापसाचे भाव यांवर बोलले. उद्या कोणी पुन्हा विदर्भाच्या नावाचा पक्ष काढलाच, तर त्याला या पाचांपैकी निदान तिघांच्या जागा घ्याव्या लागतील, आणि तेही काटोल, पवनी, सिरोंचा इथल्या निवडणुका आधी लढून.